किलब्रँडन अहवाल आणि प्रदत्त स्वायत्ततेतील न्याय

ब्रिटिश राज्यघटनेच्या विचारार्थ नेमलेल्या राजनियुक्त आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाचे पहिले अध्यक्ष लॉर्ड क्राउथर यांचे १९७२ साली निधन झाले. त्यानंतर स्कॉटिश न्यायाधीश लॉर्ड किलब्रँडन यांनी ते काम पुरे केले आणि त्यांच्याच नावाने हा अहवाल ओळखला जातो. स्कॉटलंड व वेल्स यांना पुढे पाव शतकाने जी स्वायत्तता मिळाली, तिचा आराखडा या अहवालात प्रथम सांगोपांग मांडला गेला असे सामान्यतः मानले जाते, आणि ते बव्हंशी यथार्थ आहे. परंतु एखाद्या अहवालाच्या कोणत्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या यावरूनच त्याचे मूल्य ठरविण्याची जी सवय अभ्यासकांना जडलेली असते, तिच्यामुळे त्यातील न स्वीकारलेला भाग दृष्टिआड होतो. किलब्रँडन अहवालाच्या बाबतीत असे विशेषच घडले आहे. एका संयुक्त राज्यातील लहानमोठ्या राष्ट्रांमध्ये न्याय कसा राखावा, या प्रश्नाला अहवालाने दिलेले प्रकट उत्तर दुबळे आहे. आणि त्याच अहवालाच्या आर्थिक विवेचनात जे खरे उत्तर अर्धवट उच्चारले गेले आहे, त्याकडे त्याच्या कर्त्यांनीही पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

आयोगाच्या नेमणुकीची पार्श्वभूमी थोडक्यात लक्षात घेणे पुरे. जुलै १९६६ मध्ये कारमार्दनची पोटनिवडणूक प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाने जिंकली, आणि नोव्हेंबर १९६७ मध्ये हॅमिल्टनची पोटनिवडणूक स्कॉटिश नॅशनल पक्षाने. विल्सन यांच्या मजूर सरकारने १९६९ साली आयोग नेमला, तो या दोन धक्क्यांचा परिणाम होय. अडचणीचा प्रश्न आयोगाकडे सोपवून वेळ काढण्याचा हा प्रकार होता, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला. सरकारांची ती जुनी युक्ती आहे. परंतु अहवाल हाती घेतला असता हे काम वेळकाढूपणाने केलेले नाही, याची कोणालाही खात्री पटेल.

अहवालाने तीन मार्ग तपासले. विभक्त होण्याचा मार्ग त्याने नाकारला. संघराज्याचा मार्गही नाकारला. आणि प्रदत्त स्वायत्ततेचा मार्ग पत्करला. या शेवटच्या दोहोंतील भेद मूलभूत आहे. संघराज्यात केंद्र व घटक या दोघांचेही अधिकार एकाच संविधानातून निघतात आणि एकाला दुसऱ्याचे अधिकार स्वेच्छेने काढून घेता येत नाहीत. प्रदत्त स्वायत्ततेत सार्वभौम संसद आपले काही अधिकार दुसऱ्या विधानसभेकडे सोपविते, पण स्वतःचे सार्वभौमत्व तिळभरही कमी करीत नाही. जे दिले ते परत घेण्याचा हक्क तिच्याकडेच राहतो. हा हक्क केवळ पुस्तकी नाही. उत्तर आयर्लंडची संसद १९२१ पासून पन्नास वर्षे चालली आणि मार्च १९७२ मध्ये, म्हणजे आयोगाचे काम चालू असतानाच, लंडनने एका कायद्याने तिचा कारभार आपल्या हाती घेतला. त्या प्रांतातील कॅथॉलिक अल्पसंख्याकांवर झालेला अन्याय आणि त्यातून भडकलेला हिंसाचार पाहता हा हस्तक्षेप अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना तो फार उशिरा झाला असेच म्हणावे लागते. तथापि दिलेली सत्ता एका कायद्याने परत घेता येते, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर घडली.

संघराज्य नाकारण्यासाठी अहवालाने दिलेले प्रमुख कारण इंग्लंडच्या आकाराचे आहे. चार घटकांच्या संघात एकच घटक चार-पंचमांशांहून मोठा असेल तर त्या संघाचा तोल राहणार नाही, असे आयोगाचे म्हणणे. आकडेवारीच्या दृष्टीने यात काही खोट नाही, आणि काळाच्या ओघात ती अधिकच पक्की झाली आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंडची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ६५ लाख भरली, वेल्सची ३१ लाख आणि उत्तर आयर्लंडची १९ लाख. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत ती ५४ लाख होती. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये २०२४ च्या निवडणुकीपासून ६५० पैकी ५४३ जागा इंग्लंडच्या आहेत, स्कॉटलंडच्या ५७, वेल्सच्या ३२ आणि उत्तर आयर्लंडच्या १८.

परंतु या आकड्यांवरून आयोगाने काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही. इंग्लंडचा प्रचंड आकार ही संघराज्याने निर्माण केलेली गोष्ट नव्हे. ती आधीपासूनच आहे, आणि संघराज्य टाळल्याने ती नाहीशी होत नाही. फार तर ती दिसेनाशी होते. संघराज्यात इंग्लंडचे स्वतंत्र शासन असते, त्याने एखाद्या प्रश्नावर संघाला कोंडीत पकडले तर ते सर्वांना दिसले असते आणि त्याविरुद्ध काही तरतूद करणे भाग पडले असते. प्रदत्त स्वायत्ततेत इंग्लंडला स्वतःचे शासन नाही. लंडनचे सरकार हेच इंग्लंडचे सरकार आणि तेच संयुक्त राज्याचे सरकार. त्यामुळे ते एखादा निर्णय घेते तेव्हा तो सर्वांच्या वतीने घेतला की सर्वांत मोठ्या वाटेकऱ्याच्या वतीने, हे ठरविण्यास काही साधनच उरत नाही. आयोगाने जिला असमतोल म्हणून दारातून घालविले, तीच गोष्ट खिडकीतून आत आली आणि तिला राज्याचे नाव मिळाले.

अहवालाशी असहमत झालेल्या दोन सदस्यांनी, म्हणजे लॉर्ड क्राउथर-हंट आणि प्राध्यापक पीकॉक यांनी, स्वतंत्र खंडात आपली भिन्नमतपत्रिका जोडली आहे. तिचा युक्तिवाद समानतेवर उभा आहे. स्कॉटलंडच्या नागरिकास स्वतःची विधानसभा आणि यॉर्कशरच्या नागरिकास नाही, ही राजकीय हक्कांची विषमता असून ती कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, असे या सदस्यांना वाटले. म्हणून त्यांनी स्कॉटलंड, वेल्स आणि इंग्लंडचे पाच विभाग अशा सात लोकनियुक्त सभा सुचविल्या. युक्तिवाद म्हणून ही पत्रिका बहुमताच्या अहवालाहून अधिक सुसंगत आहे. तिचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. सर्वांना सारखे देणे म्हणजे न्याय, हे गृहीत धरून ती चालते; ज्याला द्यावयाचे त्याला ते हवे आहे काय, हा प्रश्न तिला दुय्यम वाटतो. नोव्हेंबर २००४ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य भागातील मतदारांना अशी एक सभा देऊ केली गेली, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी ती नाकारली. याउलट सप्टेंबर १९९७ मध्ये स्कॉटलंडने ७४.३ टक्के मतांनी संसद मागून घेतली. एकाच आठवड्याने वेल्सने ५०.३ टक्के इतक्या निसटत्या बहुमताने सभा स्वीकारली आणि मार्च २०११ मध्ये त्याच वेल्सने पूर्ण कायदे करण्याचा अधिकार ६३.५ टक्के मतांनी मागितला. राष्ट्रांच्या आकांक्षा एकसमान नसतात, आणि त्या कालांतराने बदलतात. त्यांना सारख्याच मापाचे अंगरखे शिवणे हा न्याय नव्हे. शिंप्याची सोय आहे.

समानतेच्या याच कल्पनेतून इंग्लंडची म्हणून जी तक्रार मांडली जाते, तिचाही येथे परामर्श घेतला पाहिजे. स्कॉटलंडचे शिक्षण, आरोग्य इत्यादी विषय एडिंबराकडे गेले असता स्कॉटिश सभासदांनी लंडनमध्ये बसून इंग्लंडच्या शिक्षणावर मत का द्यावे? हा प्रश्न वेस्ट लोदियनचे सभासद टॅम डॅलिएल यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये कॉमन्स सभेत विचारला, म्हणून त्याला त्या मतदारसंघाचे नाव पडले. वस्तुतः तो ग्लॅडस्टनइतका जुना आहे. १८८६ च्या आयरिश स्वराज्य विधेयकात ग्लॅडस्टननी आयरिश सभासदांना कॉमन्समधून वगळले, तेव्हा प्रतिनिधित्वावाचून कर हा आक्षेप आला. १८९३ च्या विधेयकात ऐंशी आयरिश सभासदांना ठेवून केवळ आयरिश व साम्राज्यविषयक प्रश्नांवर मत देण्याची मुभा प्रथम दिली गेली. पण कोणता प्रश्न कोणत्या सदरात पडतो हे ठरविणे आणि दर प्रश्नागणिक बदलणाऱ्या बहुमतावर सरकार चालविणे अशक्य ठरल्याने ती कल्पना विधेयकाच्या चर्चेतच सोडून द्यावी लागली. डायसीने १८८६ व १८९३ च्या आपल्या दोन ग्रंथांत या अडचणींचा जो समाचार घेतला तो आजही वाचण्याजोगा आहे, जरी त्याच्या मनात इंग्लंडचे हित आणि राज्याचे हित ही दोन वेगळी असू शकतात ही शंका कोठेही डोकावत नाही. किलब्रँडन आयोगानेही सर्व सभासदांचे हक्क सारखेच राहिले पाहिजेत असे ठरवून, स्कॉटलंड व वेल्स यांचे प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणात आणावे, एवढाच उपाय सुचविला.

तक्रार निराधार नाही. २७ जानेवारी २००४ रोजी इंग्लंडमधील विद्यापीठांच्या वाढीव शुल्काचे विधेयक दुसऱ्या वाचनात अवघ्या पाच मतांनी तरले, आणि ते स्कॉटिश मजूर सभासदांच्या पाठिंब्यावाचून तरले नसते. स्कॉटलंडच्या विद्यापीठांपुरते वेगळे धोरण एडिंबराच्या संसदेने तत्पूर्वीच स्वीकारले होते. इंग्लंडमधील विद्यार्थ्याला हे अन्यायाचे वाटावे यात नवल नाही. परंतु या अन्यायाचा आवाका किती? ज्या सभागृहात इंग्लंडच्या जागा पाचांत चारांहून अधिक आहेत, तेथे इंग्लंडच्या मताविरुद्ध निर्णय होणे हे अपवादात्मकच राहणार. ऑक्टोबर २०१५ मध्ये केवळ इंग्लंडशी संबंधित विधेयकांवर इंग्लिश सभासदांना नकाराधिकार देणारे नियम सभागृहाने केले. एप्रिल २०२० मध्ये ते स्थगित झाले आणि जुलै २०२१ मध्ये रद्द. ज्या तक्रारीचे निवारण सहा वर्षे हाती ठेवून नंतर फारशी खळबळ न होता सोडून देता येते, तिला या राज्यातील मुख्य अन्याय मानणे कठीण आहे.

मुख्य अन्याय पैशाच्या वाटपात दिसतो. आणि येथेच किलब्रँडन अहवालाचे दुर्लक्षित प्रकरण उपयोगी पडते. कायदे करणारी सभा दिली पण तिचा खर्च लंडनने दरसाल आपल्या मर्जीने ठरविला, तर ती सभा नावापुरतीच स्वायत्त राहील, हे आयोगाने नेमके ओळखले. त्यावर त्याने असे सुचविले की, लंडनचे सरकार व प्रादेशिक सरकार या दोहोंपासून स्वतंत्र असे एक राजकोष मंडळ असावे. सेवांचा दर्जा सर्व राज्यभर सारखा राहण्यास स्कॉटलंड व वेल्स यांना एकंदर किती खर्चाची गरज आहे, हे त्या मंडळाने ठरवावे. म्हणजे वाटप वाटेकऱ्याकडून काढून त्रयस्थाकडे द्यावे.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९२० च्या आयर्लंड शासन कायद्यातच एका संयुक्त राजकोष मंडळाची योजना होती. त्या कायद्यान्वये उत्तर आयर्लंडने साम्राज्याच्या खर्चाला आपला हिस्सा द्यावयाचा होता, आणि तो प्रांताच्या स्वतःच्या गरजांआधी वसूल होणार होता. गरीब प्रांताला ते झेपेना, तेव्हा लॉर्ड कॉलविन यांच्या अध्यक्षतेखाली १९२३ मध्ये लवाद नेमला गेला, आणि १९२५ च्या त्याच्या अंतिम निवेदनाने क्रम उलटा केला: प्रांताचा आवश्यक खर्च आधी, उरेल ते साम्राज्याला. लहान पक्षाची बाजू तिऱ्हाइतासमोर मांडली गेली की ती केवळ लहान आहे म्हणून हरत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. हाच लवाद बेलफास्टमधील अल्पसंख्याकांच्या कामी मात्र आला नाही, हेही नमूद केले पाहिजे; त्याचा विषय दोन सरकारांमधला हिशेब होता, सरकार आणि प्रजा यांच्यातला नव्हता.

किलब्रँडनचे राजकोष मंडळ मात्र कागदावरच राहिले. १९७५ च्या श्वेतपत्रिकेने त्याऐवजी ठोक अनुदान पत्करले. ते लंडनच्या सरकारने वाटाघाटी करून ठरवावे व संसदेने मंजूर करावे अशी योजना होती. याच सुमारास ट्रेझरीचे तत्कालीन मंत्री जोएल बार्नेट यांच्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले सूत्र तयार झाले. त्याची रीत सोपी आहे. इंग्लंडमधील एखाद्या सेवेवरील खर्च जितका वाढेल, त्या वाढीचा लोकसंख्येच्या प्रमाणातील हिस्सा इतरांना मिळतो. आरंभी हे प्रमाण इंग्लंड ८५, स्कॉटलंड १० व वेल्स ५ असे धरले होते. अशा गणिताला पूर्वपरंपराही होती. १८८८ मध्ये गोशेन यांनी इंग्लंड व वेल्स ८०, स्कॉटलंड ११ आणि आयर्लंड ९ असे प्रमाण बांधले होते. बार्नेट यांचे सूत्र वर्ष-दोन वर्षांपुरते मानले गेले होते, असे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितले. तात्पुरत्या सोयीचे आयुष्य दीर्घ असते, याचा अनुभव सर्वच देशांतील सचिवालयांना आहे.

या सूत्रात गरज हा शब्दच नाही. ते केवळ वाढीचा हिशेब करते, मूळ रकमेला हात लावीत नाही. ज्याची मूळ रक्कम मोठी त्याची ती राहते. शिवाय वाढ दरडोई सारखी मिळत असल्याने, कालांतराने सर्वांचा दरडोई खर्च इंग्लंडच्या पातळीकडे सरकत जातो, मग त्या प्रदेशात वृद्ध व रुग्ण किती, वस्ती किती विखुरलेली, याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. विशेष म्हणजे ट्रेझरीला गरजांचे ज्ञान नव्हते असे नाही. डिसेंबर १९७९ मध्ये तिने स्वतःच केलेला गरजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६-७७ च्या आकड्यांवरून इंग्लंडच्या दरडोई १०० मागे स्कॉटलंडची गरज ११६, वेल्सची १०९ आणि उत्तर आयर्लंडची १३१ ठरली होती; प्रत्यक्ष खर्च अनुक्रमे १२२, १०६ आणि १३५ होता. म्हणजे तिघांपैकी एकट्या वेल्सला गरजेपेक्षा कमी मिळत होते, आणि हे लंडनला १९७९ मध्येच ठाऊक होते. त्या अभ्यासावरून वाटप बदलले गेले नाही. वेल्ससाठी नेमलेल्या होल्टम आयोगाने जुलै २०१० च्या अंतिम अहवालात वेल्सची गरज इंग्लंडच्या १०० मागे ११५ च्या आसपास असल्याचे दाखविल्यानंतर, अखेर डिसेंबर २०१६ च्या करारान्वये ११५ ही पातळी आधार म्हणून मान्य झाली आणि सूत्राने मिळणाऱ्या वाढीवर आरंभी पाच टक्के भर देण्याचे ठरले. स्वतःच्याच मोजणीतून दिसलेली उणीव भरून काढण्यास सुरुवात करावयास ट्रेझरीला ३७ वर्षे लागली.

वाटप कोण करतो याला किती महत्त्व आहे, हे दोन प्रसंगांवरून अधिक स्पष्ट होईल. पहिला २०१७ च्या जूनमधील. निवडणुकीत बहुमत गमावलेल्या हुजूर सरकारला डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या दहा सभासदांच्या आधाराची गरज होती, आणि त्यासाठी झालेल्या करारात उत्तर आयर्लंडला बार्नेट सूत्राबाहेर १ अब्ज पौंडांची जादा रक्कम देण्याचे ठरले. बेलफास्टला पैशाची गरज नव्हती असे नव्हे. पण ती गरज त्याच आठवड्यात दृष्टोत्पत्तीस यावी, ही गोष्ट बोलकी आहे. दुसरा प्रसंग लंडनहून बर्मिंगहॅमकडे बांधल्या जात असलेल्या वेगवान रेल्वेमार्गाचा. या मार्गाची एकही फूट रूळपट्टी वेल्समध्ये नाही. तरीही तो ‘इंग्लंड व वेल्स’ यांचा प्रकल्प म्हणून नोंदला गेला, कारण रेल्वेच्या पायाभूत बांधणीचा विषय वेल्सकडे सोपविलेला नाही. परिणामी त्या खर्चाच्या प्रमाणात स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांना हिस्सा मिळाला, वेल्सला मिळाला नाही. जुलै २०२१ मध्ये कॉमन्स सभेच्याच वेल्सविषयक समितीने हे वर्गीकरण बदलण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. येथे विषय कोणत्या सदरात घालावयाचा हे ट्रेझरी ठरविते, त्यावरून रक्कम ट्रेझरी ठरविते, आणि तक्रारही ट्रेझरीच ऐकते.

कायद्याच्या क्षेत्रातही हीच घडण आढळते, पण तिचा विस्तार येथे आवश्यक नाही. सोपविलेल्या विषयांवर संबंधित विधानसभेच्या संमतीवाचून लंडनची संसद ‘सामान्यतः’ कायदा करणार नाही, हा १९९८ चा सीवेल संकेत पुढे २०१६ च्या स्कॉटलंड कायद्यात व २०१७ च्या वेल्स कायद्यात शब्दबद्ध झाला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात लिहिला तरी तो राजकीय संकेतच राहतो व न्यायालये त्याची अंमलबजावणी करू शकत नाहीत. निर्णय कायद्याला धरून होता. परंतु मग ‘सामान्यतः’ या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम ज्याला बंधन घालावयाचे त्याच्याकडेच उरले. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या कराराचा २०२० चा कायदा तिन्ही विधानसभांनी संमती नाकारली असताना झाला. त्याच वर्षीचा अंतर्गत बाजारपेठेचा कायदा स्कॉटलंड व वेल्स यांच्या नकारानंतरही झाला.

यावर असा आक्षेप येईल की, सार्वभौम संसदेच्या राज्यात खरा त्रयस्थ असूच शकत नाही. मंडळ नेमले तरी ते संसदच नेमणार. आक्षेप खरा आहे, पण जितका वाटतो तितका निर्णायक नाही. भारतीय संविधानाच्या २८० व्या अनुच्छेदान्वये १९५१ पासून वित्त आयोग नेमले जात आहेत. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्रच करते, आणि वाटपात न येणाऱ्या उपकर-अधिभारांविषयी राज्यांची कुरकुर काही थांबलेली नाही. ऑस्ट्रेलियातील राष्ट्रकुल अनुदान आयोग तर १९३३ पासून काम करीत आहे, आणि तेथेही वाटपावरून राज्ये भांडत असतात. परंतु या दोन्ही ठिकाणी वाटपामागील तत्त्व लेखी मांडावे लागते, राज्यांची बाजू ऐकावी लागते आणि कारणे प्रसिद्ध करावी लागतात. अन्याय होतो तेव्हा तो कोणत्या परिच्छेदात झाला हे दाखविता येते. कार्डिफच्या अर्थमंत्र्याला ही सोय नाही.

अधिक गंभीर अडचण दुसरीच आहे, आणि ती किलब्रँडन आयोगाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. गरज मोजणे हे तांत्रिक काम आहे, ते तज्ज्ञांनी केले की सर्वांना पटेल, असा अहवालाचा सूर आहे. परंतु त्रयस्थ हवा आहे कोणाला? ट्रेझरीला तो नको, हे उघड आहे. पण स्कॉटलंडलाही तो मनापासून हवा आहे असे म्हणवत नाही. १९७९ च्या मोजणीत स्कॉटलंडला गरजेपेक्षा अधिक मिळत असल्याचे दिसले होते, आणि होल्टम आयोगाच्या मोजणीतही त्याची गरज इंग्लंडहून फार वरचढ ठरली नाही. म्हणून लंडनच्या मनमानीविरुद्ध सर्वांत मोठा आवाज जेथून उठतो, तेथेच वाटपाचे निष्पक्ष माप लावण्याविषयी मौन पाळले जाते. सप्टेंबर २०१४ मध्ये स्वातंत्र्याच्या सार्वमताला दोन दिवस उरले असता तीन ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांनी स्कॉटिश जनतेला जे जाहीर वचन दिले, त्यात बार्नेट सूत्र चालू ठेवण्याचे आश्वासन होते. त्या सूत्राच्या जनकानेच तोवर ते अन्यायकारक ठरविले होते, आणि लॉर्ड्स सभेच्या खास समितीने जुलै २००९ मध्ये ते टाकून देण्याची एकमुखी शिफारस केलेली होती. ज्याच्या हाती निघून जाण्याची धमकी आहे त्याच्याशी तडजोड होते. वेल्सच्या हाती ती नव्हती, म्हणून त्याला वाट पाहावी लागली. स्कॉटिश राष्ट्रवाद्यांना याचा दोष द्यावयाचा की ज्या व्यवस्थेत धमकी हेच एकमेव चलन उरते तिला, याचे उत्तर अवघड नाही. पण लाभ घेणाराही त्या व्यवस्थेचा आधार बनतो, हे नाकारता येणार नाही.

इंग्लंडच्या सामान्य करदात्याची बाजूही येथेच विचारात घ्यावी लागते, आणि ती मतदानाच्या तक्रारीहून वजनदार आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडील किंवा कॉर्नवॉलमधील गरीब वस्तीला स्कॉटलंडपेक्षा दरडोई कमी का मिळावे, याचे उत्तर त्याला कोणीही देत नाही. कारण त्या वाटपालाही गरजेचा आधार नाही. त्रयस्थ मंडळाचा लाभ लहान राष्ट्रांनाच होईल हा समज चुकीचा आहे. भिन्नमतपत्रिकेच्या कर्त्यांना इंग्लंडच्या विभागांची जी काळजी होती ती सात सभांनी फिटली नसती. एका निष्पक्ष मापाने ती काही अंशी फिटली असती.

२००९ च्या लॉर्ड्स समितीने सूत्राच्या जागी गरजेवर आधारलेली पद्धत आणि ती राबविण्यास एक स्वतंत्र निधी आयोग सुचविला. नाव नवे असले तरी हे किलब्रँडनचे राजकोष मंडळच होते. सरकारने ते स्वीकारले नाही. पुढे वेल्ससाठी २०१६ मध्ये, आणि उत्तर आयर्लंडसाठी २०२४ मध्ये सूत्राने येणाऱ्या वाढीवर २४ टक्के भर देऊन, गरजेचा विचार एकेकापुरता मान्य झाला. पण दर वेळी तो ट्रेझरीने एकट्या समोरच्या सरकारशी केलेला करार होता, सर्वांना लागू होणारा नियम नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये लंडन व तिन्ही स्वायत्त सरकारे यांच्यातील जुन्या संयुक्त मंत्रिसमितीऐवजी नवी रचना आली. तिच्यात स्वतंत्र सचिवालय आहे, आणि वादात त्रयस्थाचा सल्ला घेण्याची तरतूद आहे. मात्र निधीविषयीचे धोरणात्मक निर्णय सर्वस्वी ट्रेझरीच्या मंत्र्यांच्या अधिकारातील राहतील, असे त्याच दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे.